बाबांचे निर्णय दोन आहेत, ते दोनच राहू द्या

पत्र: माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत. एएलएस, म्हणजे स्नायूंवरचा ताबा हळूहळू जाणारा आजार, झालाय, हातपाय जवळपास गेलेत, बोलणं अस्पष्ट झालंय, रात्री बायपॅप, म्हणजे श्वासाला मदत करणारं मास्कचं यंत्र, लागतं. आई-बाबा अनेक वर्षं कॅनडाचे नागरिक आहेत आणि माझ्याजवळ ओंटारियो प्रांतात, मिसिसागाला राहतात. दोन डॉक्टरांनी तपासून बाबांना 'मेड'साठी, म्हणजे वैद्यकीय मदतीने मृत्यूसाठी, पात्र ठरवलंय. त्यानंतर त्यांनी अवयवदानाचा ध्यास घेतलाय. "जाताना तरी कुणाच्या उपयोगी पडतो," म्हणतात. आईला त्यांचा शेवट घरीच व्हायला हवाय. पुण्याचा भाऊ म्हणतो, दानाच्या नादात बाबा मरण अलीकडे ओढताहेत आणि तू त्यांना साथ देतेस. नात्यातल्या एकाचं टोरांटोत डायलिसिस चालू आहे. किडनी त्यालाच मिळेल का, असं बाबा विचारतात. शिवाय त्यांनी कुठेतरी वाचलंय की भूल देऊन आधीच अवयव काढले तर ते जास्त चांगले राहतात. हे सगळं बरोबर आहे का? आणि करायचं ठरलं तर काय काय करावं लागेल?

उत्तर:

आधी सरळ उत्तर देतो. बाबांच्या इच्छेत नैतिकदृष्ट्या काहीही गैर नाही. पण भावाची भीतीही झटकून टाकण्यासारखी नाही. कॅनडातले या विषयाचे बरेच नियम त्याच भीतीपोटी तयार झाले आहेत. ते नीट पाळले गेले तर तुम्ही निर्धास्त राहू शकता. पाळले जाताहेत की नाही, हे घरातल्या माणसांनाही बघता येतं.

पहिला नियम क्रमाचा. मरणाचा निर्णय आधी आणि स्वतंत्रपणे व्हायला हवा; दानाचा विषय त्यानंतर. कॅनडात १७ जून २०१६ पासून मेड कायदेशीर आहे आणि मार्च २०२१ मध्ये कायद्यात मोठा बदल झाला. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोघांनी, डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरने (जादा अधिकार असलेल्या प्रशिक्षित नर्सने), रुग्णाला तपासायचं असतं. लेखी अर्जावर एक स्वतंत्र साक्षीदार लागतो. मृत्यूपत्रात ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणजे बहुधा तुम्हाला नाही. बाबांच्या हाताने सही होत नसेल तर त्यांच्या देखत, त्यांच्या सांगण्यावरून दुसरी सज्ञान व्यक्ती सही करू शकते. तिलाही या मृत्यूतून लाभ होणार नसावा. अर्ज झालाच आहे, तरी ही सही कोणी केली ते एकदा बघून घ्या. नंतर वाद निघाले तर ते अशाच जागी निघतात.

अवयवदानाबद्दलची कॅनडाची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. मेडचा निर्णय झाल्यावरच दानाची सविस्तर चर्चा करायची, आणि दोन्ही कामांची माणसं वेगळी ठेवायची, हा त्यांचा गाभा. ओंटारियोत दानाचं काम ट्रिलियम गिफ्ट ऑफ लाइफ नेटवर्क बघतं. तिथले समन्वयक मेडसाठी पात्र ठरलेल्या रुग्णाशी स्वतःहून संपर्क साधू शकतात. तसा फोन आला तर दचकू नका. "आम्हाला यावर बोलायचं नाही" एवढं म्हटलं तरी विषय तिथे संपतो, आणि त्याचा मेडवर काहीही परिणाम होत नाही.

तुमच्या पत्रात क्रम बरोबर दिसतो: आधी पात्रता, मग दानाचा विचार. तरीही बाबांना एक प्रश्न निवांतपणे विचारा, शक्यतो तुम्ही नाही, मेडचे डॉक्टर किंवा समाजसेविका यांनी: "उद्या तपासणीत कळलं की तुमचा एकही अवयव घेता येत नाही, तर तुम्ही मेड रद्द कराल का? तारीख पुढे न्याल का?" "नाही, माझं ठरलंय" असं उत्तर आलं तर दोन्ही निर्णय आपापल्या पायावर उभे आहेत. "मग अजून थोडं थांबेन" असं आलं, तर तारीख दान ठरवतंय, आजार नाही. अशा वेळी सगळं थांबवून मूल्यमापन करणाऱ्या दोघांनाही हे सांगायलाच हवं. या उत्तराने बाबा चुकीचे ठरत नाहीत. त्यांना जगण्याचे काही दिवस अजून हवेत, एवढंच ते सांगताहेत.

"कुणाच्या उपयोगी पडतो" हे वाक्यही नीट ऐका. धडधाकट असतानाही रक्तदान करणारा, दानाच्या नोंदणीची चौकशी करणारा माणूस असं म्हणत असेल तर तो त्याचा स्वभाव आहे. पण आजारी पडल्यापासून "मी तुमच्यावर ओझं झालोय" हे पालुपद चालू असेल आणि दान म्हणजे त्या ओझ्याची फेड असं वाटत असेल, तर आधी त्या ओझ्याकडे बघायला हवं: घरी मदतनीस किती तास येतो, वेदना आणि त्रास कमी करणारी पॅलिएटिव्ह टीम लागली आहे का, आई रात्री किती वेळा उठते. मदतीचे तास वाढवून मागणं हे अवयवदानाच्या फॉर्मपेक्षा आधीचं काम आहे.

आता घाईबद्दल, कारण भावाचा खरा आक्षेप तोच आहे. एएलएसमध्ये हालचालीचं नियंत्रण करणाऱ्या चेतापेशी जातात. किडनी आणि लिव्हर या आजाराने बिघडत नाहीत. फुप्फुसांचं मात्र तसं नाही. गिळताना अन्न-पाणी श्वासनलिकेत जातं, वारंवार न्यूमोनिया होतो, आणि मग ती घेता येत नाहीत. त्यामुळे "लवकर केलं नाही तर सगळं वाया जाईल" असं बाबांच्या मनात असेल तर ते पुसून टाका. किडनी-लिव्हरसाठी दोन महिने आधी मरण्याचं काही कारण नाही, आणि फुप्फुसांसाठी कोणी तशी अपेक्षाही करू नये. तारीख श्वास, गिळणं, वेदना आणि बाबांचं मन यांवरून ठरावी. पुढे बोलता येणार नाही, मग संमती कशी देणार, ही भीतीही अनेकांना घाई करायला लावते. संमती डोळ्यांच्या हालचालीने चालणाऱ्या पाटीवर किंवा यंत्रावरही देता येते. त्याचा सराव आत्तापासून करून ठेवा. निर्णयक्षमताच जाईल अशी धास्ती असेल तर, नैसर्गिक मृत्यू नजीकच्या काळात अपेक्षित असलेल्या रुग्णांना अंतिम संमतीची अट आधीच लेखी शिथिल करून घेण्याची सोय २०२१ च्या बदलात आहे. तो करार करताना अवयवदानाचं काय, हेही त्याच वेळी विचारून लेखी घ्या.

मुळात बाबांचे अवयव चालतील का? मेड घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना कॅन्सर असतो आणि सक्रिय कॅन्सरमध्ये अवयव घेतले जात नाहीत, म्हणून या वाटेने दान करणारे मुख्यतः मज्जासंस्थेचे रुग्ण असतात. एएलएसचं नेमकं कारण बहुतेकांत कळत नसल्यामुळे अवयव घेणाऱ्या रुग्णाला तो धोका समजावून त्याची वेगळी संमती घेतली जाते. वयाची ठाम मर्यादा नाही, पण ७१ व्या वर्षी प्रत्येक अवयवाचा निकाल चाचण्यांवरच लागेल, आणि हृदयाची आशा धरू नका. २०२१ अखेरपर्यंत बेल्जियम, नेदरलँड्स, कॅनडा आणि स्पेन या चार देशांत मिळून २८६ जणांनी असं दान केलं होतं आणि त्यातून ८३७ रुग्णांना अवयव मिळाले. म्हणजे हे दुर्मिळ आहे, पण रुळलेलं आहे.

बाबांनी पूर्वी ऑनलाइन दाता म्हणून नोंदणी केली असली तरी इथे तेवढी पुरत नाही. ते शुद्धीत आहेत, त्यामुळे संमती त्यांनी स्वतः, समन्वयकासमोर, प्रत्येक चाचणीसाठी समजून घेऊन द्यायची असते. रक्ताचे बरेच नमुने घेतात: रक्तगट, ऊतकांची जुळणी, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, किडनी-लिव्हरचं काम. शिवाय लघवी, छातीचा एक्स-रे, बऱ्याचदा सीटी स्कॅन. रक्त आणि लघवी घरी येऊन घ्यायला सांगा. स्कॅनला मात्र जावं लागतं, आणि एएलएसच्या रुग्णाला सपाट झोपवलं की दम लागतो. बायपॅप आणि लाळ ओढायचं सक्शन सोबत न्या, टेबलवर किती मिनिटं राहावं लागेल हे आधी विचारा. ते झेपणार नसेल तर "ही चाचणी नको" म्हणता येतं, मग त्या अवयवावर पाणी सोडायचं.

भारतात जन्मलेल्या माणसाच्या बाबतीत काही प्रश्न जास्तीचे येतात. पूर्वी टीबी झाला होता का, घरात कुणाला होता का, मलेरिया कधी झाला, शेवटचा भारत प्रवास केव्हाचा. मातीतून अंगात शिरणारा स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत वर्षानुवर्षं काहीही त्रास न देता राहतो आणि अवयवाबरोबर दुसऱ्याच्या शरीरात गेला तर तिथे जीवघेणा ठरतो; त्यासाठीही रक्त तपासायला सांगू शकतात. टीबीच्या उपचाराचे जुने कागद असतील तर शोधून ठेवा. आणि हे विशेष लक्षात ठेवा: आरोग्य-इतिहासाच्या प्रश्नावलीत लैंगिक संबंध, व्यसनं, तुरुंगवास असे थेट प्रश्न असतात. तिथे लेकीने दुभाषाचं काम करू नये. बाबांना इंग्रजीत अवघडल्यासारखं वाटत असेल तर मराठी दुभाषा मागा, आणि तुम्ही व आई त्या वेळी खोलीबाहेर थांबा. चाचणीत अनपेक्षित काही सापडलं, एखादी गाठ किंवा संसर्ग, तर ते बाबांना कळायला हवंय का, हेही आधीच ठरवा. काही संसर्ग आरोग्य खात्याला कळवणं बंधनकारक असतं.

आईच्या मुद्द्यावर गोड बोलून उपयोग नाही. किडनी-लिव्हर द्यायचं तर शेवट बहुतेक हॉस्पिटलमध्येच होईल. हृदय थांबलं की अवयवांचा रक्तपुरवठा थांबतो आणि मिनिटागणिक नुकसान होत जातं. घरापासून ऑपरेशन थिएटरपर्यंतचा वेळ किडनी-लिव्हरला परवडत नाही. फुप्फुसांत हवा असल्यामुळे ती थोडी जास्त तग धरतात, म्हणून ओंटारियोत घरी मेड झाल्यावर फक्त फुप्फुसं घेतल्याचं उदाहरण आहे. नेदरलँड्समध्ये कुटुंबाच्या सोबतीत घरीच गाढ गुंगी देऊन मग रुग्णाला हॉस्पिटलला नेण्याची पद्धत वापरली गेली आहे. तुमच्याकडे तसं काही शक्य आहे का, हे समन्वयकाला विचारायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. नेत्रदानाला काही तासांची सवड असते, मात्र डोळे आणि ऊतकांचे निकष वेगळे आहेत आणि एएलएसमध्ये नकार येऊ शकतो. वैद्यकीय महाविद्यालयाला देहदान हा तर वेगळाच प्रकार. अवयव काढलेला देह ते सहसा घेत नाहीत. तेव्हा घर की दान, यातली निवड बाबांची. आईचं दुःख बाबांच्या कानावर जायला हवं, पण नकाराधिकार आईला नाही आणि तुम्हालाही नाही.

त्या दिवशी काय होतं ते आईला आधी सांगून ठेवा, कारण न सांगितलं तर पुढची घाई तिला क्रूर वाटेल. सकाळी दाखल करतात. थिएटरजवळची एक खोली देतात, तिथे किती माणसं थांबू शकतील ते आधी विचारा. शिरेत सलाईनच्या दोन सुया लावतात; एएलएसने हात वाळलेले असतात, शीर मिळायला वेळ लागतो, म्हणून अनुभवी नर्स मागा. मनगटाच्या धमनीत आणखी एक बारीक नळी सुचवतील, ती रक्ताभिसरण थांबलं हे अचूक कळावं म्हणून. ती दुखते, भूल देऊन घालायला सांगा. नको असेल तर दुसऱ्या मार्गाने खात्री करता येते का, हे आधीच विचारून ठेवा. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देणार असतील तर त्याची संमती वेगळी. औषधं देण्याच्या अगदी आधी मेडचे डॉक्टर पुन्हा विचारतात, आणि बाबांनी मान हलवून "नको" म्हटलं तर सगळं तिथेच थांबतं. औषधं सुरू झाल्यावर मृत्यू बहुधा काही मिनिटांत येतो. त्यानंतर पाच मिनिटं कुणीही शरीराला हात लावत नाही, फक्त बघतात. मृत्यू दोन डॉक्टर जाहीर करतात आणि अवयव मिळणाऱ्या रुग्णाशी संबंध असलेला डॉक्टर त्यात असू शकत नाही. अवयव काढणारे सर्जन तोपर्यंत खोलीत येत नाहीत. आणि मग मात्र लगेच नेतात. मृत्यूनंतर उशाशी बसायला वेळ मिळत नाही. म्हणून निरोप, पाया पडणं, मुखात गंगाजल आणि तुळशीपत्र हे सगळं आधी उरकायचं. गिळता येत नसल्यामुळे पाणी ओठांना लावण्याइतकंच, चमच्याने घालू नका, ठसका लागेल.

भूल देऊन आधीच अवयव काढण्याबद्दल. २०१८ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात काही तज्ज्ञांनी हा विचार मांडला होता, बाबांनी बहुधा त्याविषयीच वाचलं असेल. त्यामागचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे: माणूस मरायचं ठरवूनच आलाय, मग अवयव अधिक चांगले का मिळू नयेत? पण कॅनडात ते बेकायदा आहे. मृत्यू आधी आणि अवयव नंतर, आणि अवयव काढल्यामुळे मृत्यू कधीच होता कामा नये, हा दानाचा पाया आहे. आमचंही मत तेच. सर्जनच्या हातून मृत्यू होऊ लागला तर शेवटच्या क्षणी "नको" म्हणायला जागाच उरत नाही, आणि हॉस्पिटलमध्ये बेशुद्ध पडलेल्या प्रत्येक माणसाच्या घरच्यांचा विश्वास उडेल.

नातेवाइकाला किडनी देण्याचं: मृत्यूनंतरचे अवयव प्रतीक्षायादीतल्या रुग्णांना वैद्यकीय निकषांवर मिळतात. अमुकालाच द्या, असा पर्याय मेडच्या रुग्णापुढे कोणी ठेवत नाही. बाबांनी आग्रह धरला तर ट्रिलियम त्या एका प्रकरणापुरता विचार करील, पण रक्तगट आणि जुळणीचा प्रश्न राहतोच. यात आम्हाला धोका दिसतो तो घरातला. एकदा विशिष्ट माणसाचं नाव आलं की बाबांना मागे फिरणं अवघड होतं; दर आठवड्याला फोन करणाऱ्या त्या नातेवाइकाला "माझा विचार बदलला" हे कसं सांगणार? जिवंतपणी आत्ताच एक किडनी काढून देणं तर विसराच. एएलएसमध्ये पूर्ण भुलेनंतर व्हेंटिलेटर सुटेलच असं नाही. नातेवाइकाला यातलं काही सांगितलं नसेल तर सांगू नका.

मागे फिरण्याची वाट मोकळी ठेवणं, हे तुमचं सगळ्यात मोठं काम. दान नको झालं तरी मेड घरी होऊ शकतं. मेड नको झालं तर दानाचा प्रश्नच उरत नाही. पण तारीख ठरली, भारतातून मंडळी विमानाने आली, थिएटर राखून ठेवलं, कुठेतरी चार रुग्णांना तयार राहायला सांगितलं, की संकोची माणूस "आता कसं नाही म्हणू" म्हणून गप्प राहतो. बाबांना अगदी स्पष्ट सांगा की त्या रुग्णांचं ते काहीही देणं लागत नाहीत. तिकिटं बदलता येणारी काढा. आदल्या रात्री एकदा आणि सकाळी एकदा, आई आणि भाऊ समोर नसताना, नर्सला विचारायला सांगा. उलट बाजूनेही मन तयार ठेवा: शेवटच्या दिवसांत ताप आला, स्कॅनमध्ये काही दिसलं, योग्य रुग्ण मिळाला नाही, तर दान रद्द होतं. तेव्हा मेड कुठे करायचं, घरी की तिथेच, हे आधी ठरवून ठेवा.

भावाला दोष देऊ नका. तो भारतातल्या कायद्याच्या चौकटीतून बघतोय आणि तिथे चित्र वेगळं आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी लिव्हिंग विल (पुढे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं) आणि उपचार थांबवण्याचा हक्क मान्य केला, पण औषध देऊन मृत्यू घडवणं आजही गुन्हा आहे. अवयवदान बहुतेक मेंदूमृत्यूनंतर होतं, चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून. त्याला समन्वयकाबरोबरच्या व्हिडिओ कॉलवर घ्या, बाबांची परवानगी असेल तर. वर दिलेला "तारीख बदलाल का" हा प्रश्न आणि बाबांचं उत्तर त्याला स्वतःला ऐकू द्या.

मराठी मंडळाच्या किंवा नात्यातल्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तारीख आणि हॉस्पिटल टाकू नका, दानाचा उल्लेख तर नकोच. दाता आणि अवयव मिळालेला रुग्ण एकमेकांना अनोळखी राहावेत असा नियम आहे, आणि त्याच दिवशी त्याच शहरात कुणाला किडनी मिळाली हे लोक सहज जुळवतात. नंतर पत्र लिहायचं असेल तर ट्रिलियममार्फत, नावाशिवाय लिहिता येतं.

अंत्यविधीत अडचण येत नाही. शस्त्रक्रिया काही तास चालते, छातीपासून पोटापर्यंत एक छेद असतो, तो नीट शिवतात, कपड्यांत दिसत नाही. अंघोळ घालताना दिसेल, तेव्हा ते काम करणाऱ्यांना आधी कल्पना द्या आणि टाके भिजवू नका. दानाचा खर्च तुमच्यावर पडत नाही, अंत्यविधीचा मात्र तुमचाच. ओंटारियोत मेडने झालेला प्रत्येक मृत्यू कोरोनरच्या, म्हणजे मृत्यूंची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, कार्यालयाला कळवावा लागतो. ते काम वैद्यकीय पथक करतं. फ्युनरल होमला आधीच सांगून ठेवा की देह हॉस्पिटलमधून नेमका किती वाजता मिळेल ते आदल्या दिवशी कळणार नाही. त्यामुळे दहनाची वेळ त्याच संध्याकाळची घेऊ नका, दुसऱ्या दिवशी दुपारची घ्या.